संगणकातला भाडेकरू

मी किती पाण्यानं आंघोळ केली, हे आमच्या घरमालकांना सेंटीमीटरमध्ये माहीत असायचं.

सिडकोतल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्यानं राहिले. पहिल्याच आठवड्यात एके सकाळी शेंद्र्याला जाणारी कंपनीची बस गाठायला मी धडाधडा जिना उतरत होते, तर खाली काका उभे. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, नाकावर घसरलेला चष्मा आणि दोन्ही कानांमागे मातकट रंगाची श्रवणयंत्रं. मला थांबवून म्हणाले, "बेटा, आज तू साडेसात सेंटीमीटर आंघोळ केलीस."

त्यांनी जिन्याखालच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं वहीच्या पानाएवढा एक पडदा होता आणि त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'टाकी : ६१.५'. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही त्याच्या मर्जीनं. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत सगळ्यांचाच जीव अडकलेला असतो. पण टाकीत सेन्सर सोडून, त्याची तार खिडकीतून घरात आणून मिनिटामिनिटाला पातळी नोंदवणारं घर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

"एक बादली म्हणजे अडीच," काका म्हणाले. "केस धुतले तर पाच. साडेसात म्हणजे काय?"

"म्हणजे तीन बादल्या, काका."

"ते मला कळतं. का, ते विचारतोय."

माझं डोकं तापलं. मी पाचोडच्या बाजूची, शेतकऱ्याची मुलगी. पाण्याची टंचाई आम्हाला कोणी शिकवायला नको. पण मोसंबीच्या झाडांना पाणी मोजणारे माझे वडीलसुद्धा माणसाच्या अंगावरचं पाणी मोजत नाहीत. बसमध्ये बसल्याबसल्या मी ठरवून टाकलं, महिना संपला की खोली बदलायची. पण संध्याकाळी परत येताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी होते तेव्हाच हाक ऐकू आली, "अगं, थालीपीठ खाऊन वर जा गंऽऽ!" हाक काकूंची होती आणि त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. काकूंचा आवाज असा होता. भाजीवाला त्यांच्या गल्लीत स्वतः ओरडत नसे, कारण तो आला आहे हे काकूच सगळ्यांना सांगत. थालीपिठाबरोबर लोण्याचा गोळा होता. मी खोली बदलली नाही.

काका पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी पैठणला, धरणावर, पाण्याची पातळी मोजणाऱ्या उपकरणांवर. पंपांच्या आवाजात कान गेले, पण सवयी राहिल्या. पातळीच्या आकड्याला ते 'वाचन' म्हणत. एकदा दोन दिवस टाकी पूर्ण कोरडी होती, तरी त्यांच्या वहीत दोन्ही दिवशी सकाळी आठ वाजता शून्य लिहिलेलं. मी हसले तर म्हणाले, "शून्य हेसुद्धा वाचन असतं. जागा रिकामी सोडली तर अर्थ होतो की माणूस कामावर नव्हता. शून्य लिहिलं तर अर्थ होतो की माणूस होता, पाणी नव्हतं." हे वाक्य मी नंतर कारखान्यात बऱ्याच जणांना ऐकवलं. मी तिथं यंत्रांच्या देखभालीत होते आणि आमच्या तक्त्यांमध्ये रिकाम्या जागा फार असत.

माझे वडील एकदा मोसंबीची गोणी घेऊन आले आणि मुक्काम केला. सकाळी काका त्यांच्यापुढे उभे राहिले आणि आकडा सांगितला. दहा सेंटीमीटर. वडील म्हणाले, "आवो, आमच्याकडं हीर हाय. आम्ही बादल्या मोजत नाय." काकांनी ताबडतोब दोन्ही कानांतली यंत्रं काढली, सुपारीच्या पितळी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि शांतपणे पेपर वाचायला लागले. नको ते ऐकायची वेळ आली की ते असंच करत. याला काकू म्हणायच्या, "कार्यालय बंद झालं." वर्गणी मागणारे, वास्तुशास्त्र सांगणारे, टाकीवर झाकण का नाही विचारणारे शेजारी, सगळ्यांनी ती डबी बंद होताना पाहिलेली होती. वडील मात्र खूश. जाताना मला म्हणाले, "लई भारी माणूस हाय. भांडण करायला कानच ठिवत नाय."

गंमत म्हणजे काकूंसाठी त्यांना यंत्रं लागतच नसत. डबी बंद असली तरी काकूंचा आवाज आत पोचायचा. म्हणून कार्यालय बंद झालं तरी काकूंपुरतं ते कायम उघडंच असे, आणि त्याची काका उगाचच तक्रार करत.

घरात एक संगणक होता, काकांनी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली. विंडोजला घरात यायची बंदी. कारण विचारलं तर, "माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय काही सुरू होता कामा नये." जावई लॅपटॉप घेऊन दिवाळीला आले तेव्हा त्या लॅपटॉपमध्ये विंडोज आहे म्हणून त्यांना घरचं वायफाय मिळालं नाही. जावयांना फराळ, अभ्यंगस्नान, चांदीची वाटी, सगळं मिळालं. वायफाय नाही.

आणि अपडेट हा त्या घरातला एक विधी होता. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटात कायमचं बसवलेलं सॉफ्टवेअर, यंत्राला आपण कोण आणि आपलं काम काय हे सांगणारं. ते बदलताना मध्येच वीज गेली तर यंत्र स्वतःला विसरून जातं आणि नुसता डबा उरतो. म्हणून कुठल्याही वस्तूचं फर्मवेअर बदलायच्या आधी काका वीज कार्यालयातल्या ओळखीच्या लाइनमनला फोन करत. पलीकडून उत्तर स्पीकरवर घरभर ऐकू येई, "व्हय काका, तासभर काय जात नाय लाईट. मी हाय ना हितंच. करा तुमचं." मग फ्रीज बंद, दारावरची घंटा बंद, आणि काम संपेपर्यंत काका जागचे उठत नसत.

माझ्या तिसऱ्या वर्षी काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त काकूंचा आवाज गेला. पूर्ण नाही. जो उरला तो फुंकरीसारखा, शेजारी बसलं तरच कळणारा. डॉक्टर म्हणाले, आता हाच.

माझ्या कानांना तो ऐकू यायचा. काकांना अजिबात नाही. कानातल्या यंत्रांचा आवाज वाढवला की कुकर, पंखा, रस्त्यावरच्या रिक्षा कानात घुसत आणि काकू तेवढ्या राहून जात. काका चिडत. "अगं, नीट बोल ना!" "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?" आयुष्यभर जी बाई तोंडातल्या तोंडात कधी बोललीच नाही, तिला हे ऐकावं लागायचं. काकू ओट्यावर उलथनं आपटून त्यांचं लक्ष वेधायला लागल्या. नंतर तेही सोडलं. मला बोलावून माझ्या कानात सांगायच्या आणि मी ओरडून काकांना सांगायची. त्या घराची मी पोस्टमन झाले.

एका संध्याकाळी त्यांचं चांगलंच बिनसलं होतं. कशावरून ते मला माहीत नाही. काकूंनी मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, "सांग त्यांना, ऑपरेशनच्या टेबलावरच मी संपले असते तर सुटलो असतो दोघंही."

मी वळले. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओरडून सांगितलं, "काकू म्हणतायत, जेवायला चला."

काकांनी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ओठ बराच वेळ हलत होते," ते म्हणाले. "जेवायला चला, एवढंच कसं असेल?"

"भाजी कोणती तेही सांगितलं."

"कोणती?"

मला पटकन भाजीसुद्धा सुचली नाही. काका ताटावर बसले, दोन घास खाल्ले आणि उठले. मला त्या रात्री स्वतःचा राग आला. खरं सांगायचं धाडस नव्हतं आणि खोटं धड बोलता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काका श्रवणयंत्रांच्या क्लिनिकच्या खेपा घालू लागले. तिथल्या मॅडम तरुण, हुशार आणि सोशिक होत्या. त्यांच्या बंद खोलीत काकांना सगळं ऐकू यायचं. "तुमचं ऐकू येतं हो," काका म्हणत, "हिचं येत नाही." "मग काकूंना घेऊन या, त्यांच्या आवाजावर लावू," मॅडम म्हणाल्या. काकू यायला तयार नव्हत्या. "मी काय तपासायला द्यायचा नमुना आहे का?" त्यांनी माझ्या कानात विचारलं. हे मात्र मी काकांना जसंच्या तसं सांगितलं.

शेवटी मॅडमनी स्वतःच मार्ग काढला. काकांच्या यंत्रांसाठी नवीन फर्मवेअर आलं होतं आणि त्यात हळू, श्वासासारख्या आवाजासाठी वेगळी सोय होती. ते यंत्रांत भरायला आणि आवाज जुळवायला एक छोटी डबी लागते, यूएसबीला लावायची. ती त्यांनी काकांना एका रविवारपुरती घरी दिली. काकांनी क्लिनिकमधलं एक यंत्र कधीतरी दुरुस्त करून दिलं होतं, त्याची ही परतफेड. "आवाजाची वरची मर्यादा मी पक्की करून दिली आहे, तिच्या पुढे जाता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारी दहाला डबी माझ्या टेबलावर पाहिजे. चार पेशंट यायचेत. एकच डबी आहे माझ्याकडे."

रविवारी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. भाडेकरूच्या खोलीत मालकानं पाऊल टाकायचं नाही अशी आमच्या करारात अट होती, ती काकांनीच घातलेली. ते शेवटच्या पायरीवर थांबले होते. हातात डबी, चेहरा पडलेला.

"हे फक्त विंडोजवर चालतं," ते म्हणाले.

माझा लॅपटॉप कंपनीचा, त्याची यूएसबीची भोकं कंपनीनं बंद करून ठेवलेली. मग मी त्यांना कारखान्यातली युक्ती सांगितली. आमच्याकडे जुन्या यंत्रांची सॉफ्टवेअरं आजच्या संगणकांवर चालत नाहीत, तेव्हा आम्ही संगणकाच्या आत एक खोटा संगणक उभा करतो. व्हर्च्युअल मशीन. बाहेर तुमचं लिनक्स तसंच राहतं आणि आत एका चौकटीत विंडोज चालतं. आतल्याला बाहेरचं काही दिसत नाही. आपण देऊ तेवढंच त्याला मिळतं. काम झालं की चौकट पुसून टाकायची.

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे भाडेकरू," ते म्हणाले. "तुझ्यासारखा."

मी विंडोज बसवत होते तोवर त्यांनी फुलस्केप कागदावर भाडेकरार लिहायला घेतला. भाड्यानं देणार, ते स्वतः. भाड्यानं घेणार, विंडोज. मुदत अकरा महिने, कारण आपल्याकडे करार अकरा महिन्यांचाच असतो. अट एक, इंटरनेट मिळणार नाही. अट दोन, मालकाच्या फायलींना हात लावायचा नाही. अट तीन, मालकाच्या वस्तूंपैकी फक्त एक वस्तू वापरायला मिळेल, ती डबी. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक नंबर असतो. काकांनी डबीचा नंबर लिनक्समध्ये बघून अक्षरन्‌अक्षर करारात उतरवला, आणि त्या एकाच नंबरची वस्तू भाडेकरूकडे जाऊ द्यायची असं संगणकालाही बजावलं.

"काका, नंबर कशाला?" मी म्हटलं. "ते पूर्ण भोकच देऊन टाका ना त्याला. त्यात जे लावू ते त्याचं."

"आज भोक मागेल, उद्या घर मागेल. नंबर म्हणजे नंबर."

साक्षीदार म्हणून माझी सही झाली. लाइनमनला फोन झाला. फ्रीज बंद, घंटा बंद, कुकरला मनाई. काकू स्टुलावर येऊन बसल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "आज उपास घडवणार आहेत." काकांनी दोन्ही यंत्रं कानांतून काढून मॅडमच्या डबीशेजारी ठेवली. म्हणजे आता त्यांना ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येणार नव्हता.

सुरुवात छान झाली. आतल्या विंडोजला डबी दिसली. सॉफ्टवेअर म्हणालं, आधी डबीचंच फर्मवेअर जुनं आहे, ते बदलू, मग श्रवणयंत्रांचं. आम्ही हो म्हटलं. पट्टी पुढे सरकली. वीस टक्के, तीस टक्के. आणि थांबली. डबीवरचा हिरवा दिवा विझला, लाल झाला आणि उघडझाप करायला लागला. पडद्यावर अक्षरं आली : उपकरण सापडत नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. लाल दिवा तसाच. मॅडमची एकुलती एक डबी, उद्याचे चार पेशंट, आणि शेजारी नवऱ्याला ऐकू जावं म्हणून उपाशी बसलेली बाई. मी ओरडले, "मी सांगत होते, पूर्ण भोक द्या म्हणून!" काका डबीकडे बघत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मी तेच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या नाकासमोर धरलं. आता आठवलं की लाज वाटते. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि कागद बाजूला ठेवला.

पण सवय सुटत नाही. त्यांनी लिनक्सची नोंदवही उघडली, ज्यात संगणक प्रत्येक वस्तू कधी आली आणि कधी गेली ते लिहून ठेवतो. धरणावरचं रजिस्टर वाचावं तसं बोट ठेवून ते ओळ न् ओळ वाचत गेले. मग बोट थांबलं. मीही वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. डबी मेलीच नव्हती. फर्मवेअर बदलताना ती मध्येच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू झाली होती, अशा डब्या तसं करतातच. पण परत येताना ती वेगळा नंबर घेऊन आली होती. आणि आमचा करार जुन्या नंबरचा. दारात उभ्या असलेल्या डबीला लिनक्स ओळख दाखवायला तयार नव्हतं आणि आत विंडोज तिची वाट बघत बसलं होतं.

"काय झालं गं?" काकूंनी कानात विचारलं.

मी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं. मध्येच बाहेर गेली, आली ती नंबर बदलून. तीच आहे, पण घरानं ओळखलं नाही.

काकूंनी काकांच्या पुढ्यातला भाडेकरार ओढला, माझ्या हातातला पेन घेतला आणि अट तीनच्या खाली सावकाश लिहिलं : 'माझंही हेच झालंय. ऑपरेशनला गेले, नंबर बदलून आले. तीच आहे मी. दारात किती दिवस उभी ठेवणार?'

काकांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा वाचलं. मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, रुसलेलं पाहिलं होतं, पण रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ऐकू येत नसल्यामुळे त्यांच्या हुंदक्याचा आवाज त्यांना आवरता आला नाही. काकूंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं, शेंबड्या पोराचं पुसतात तसं.

मग काकांनी पेन घेतला आणि काकूंच्या अक्षराखाली लिहिलं : 'अट चार. वस्तू नंबर बदलून आली तरी तीच समजावी व विनाविलंब आत घ्यावी.' खाली सही केली. मी दुसरा नंबरही भाडेकरूच्या यादीत घातला. क्षणभरात आत विंडोजला डबी दिसली, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केल्यावर पट्टी सरसर पुढे गेली आणि दिवा हिरवा झाला. त्यानंतर डावा कान, मग उजवा. एकही अडचण आली नाही.

काकांनी यंत्रं कानात घातली. आता काकूंच्या आवाजावर ती जुळवायची होती. काका माऊसवर हात ठेवून तयार. "बोल," ते म्हणाले.

काकूंना काही सुचेना. इतक्या महिन्यांनी ऐकणारा समोर बसला की असं होत असावं. त्या इकडेतिकडे बघू लागल्या. जिन्याखालचा पडदा दिसला.

"टाकी एकोणचाळीस आहे," त्या त्यांच्या फुंकरीच्या आवाजात म्हणाल्या. "आणि आज मी केस धुणार आहे."

काकांनी हात वर केला. सगळे थांबलो. संगणकाच्या पडद्यावरची एक रेघ त्यांनी किंचित वर नेली. "परत बोल."

"आज मी केस धुणार आहे."

"धू," काका म्हणाले. "लागेल तेवढं पाणी घे."

डबी सोमवारी पावणेदहाला मॅडमच्या टेबलावर होती. पुढे त्यांनी नवीन घेतली तेव्हा जुनी काकांनाच देऊन टाकली. विंडोजला काम झाल्यावर पुसून टाकायचं ठरलं होतं, पण करार अकरा महिन्यांचा आहे म्हणून काकांनी त्याला राहू दिलं. अकरा महिन्यांनी नूतनीकरण झालं. मी विचारलं तर म्हणाले, "त्रास नाही त्याचा. पाणी वापरत नाही."

मग माझी बदली पुण्याकडे झाली, लग्न झालं. काकांचा महिन्यातून एकदा फोन यायचा, टाकीचा आकडा सांगायला. गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सुपारीची पितळी डबी देवघराच्या फळीवर ठेवलेली होती, झाकण लावून. मला ती बघवली नाही.

चार महिन्यांनी काकूंचा फोन आला. फोनवर तर त्यांचा आवाज जवळजवळ नाहीच. कान दाबून ऐकलं तेव्हा कळलं, "ये एकदा. त्या भाडेकरूचं काय करायचं ते बघ."

गेले. संगणक सुरूच होता, कारण टाकीचं वाचन त्यावरच चालायचं. मी विंडोजची चौकट उघडली. अशा खोट्या संगणकाची आहे त्या क्षणाची प्रत साठवून ठेवता येते, पुढे कधीही त्या क्षणाला परत जाता येतं. कारखान्यात आम्ही अशा दोनचार ठेवतो. काकांच्या यादीत चाळीसच्या वर होत्या. डबी लावून कानांची जुळवणी केली की दर वेळी त्यांनी एक प्रत ठेवली होती आणि तिला नाव दिलं होतं. मी काकूंना एकेक वाचून दाखवू लागले.

'सकाळी, चहाच्या आधी.' 'सर्दी झालेली.' 'कुकर सुरू असताना.' 'बहिणीशी फोनवर, जरा मोठा.' 'रागावलेली, हळू.' 'रागावलेली, आणखी हळू.' 'देवासमोर, मला उद्देशून नाही.'

शेवटची प्रत ते जायच्या नऊ दिवस आधीची होती. तिचं नाव होतं, 'दिवसभर बोलली नाही. शून्य.'

मी वाचायची थांबले. काकू मात्र खुदकन हसल्या. "रुसले होते मी त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "बोललेच नाही. तरी हे डबी लावून समोर बसलेले, सकाळपासून. मी म्हटलं, बसा." मग त्यांचे डोळे भरून आले आणि आम्ही दोघी तिथंच बसून रडलो.

"पुसायचं का काकू हे?" थोड्या वेळानं मी विचारलं.

काकूंनी खणातून भाडेकरार काढला. पहिल्या पानावर त्यांचं अक्षर, त्याखाली अट चार, मागे नूतनीकरणाची पानं टाचलेली. शेवटच्याची मुदत महिन्यापूर्वी संपली होती. त्यांनी नवीन कागद घेतला, तारीख घातली, अकरा महिने लिहिलं आणि मालक म्हणून स्वतःची सही केली. साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून पेन माझ्या हातात दिला.

मी सही करत होते तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वरच्या खोलीत आता एक नवीन मुलगी राहते, तीही शेंद्र्याच्याच कुठल्यातरी कारखान्यात आहे. केस ओले, पाठीवर सॅक, धडाधडा उतरत दाराकडे निघालेली. काकूंनी जिन्याखालच्या पडद्याकडे बघितलं आणि तिला काहीतरी म्हणाल्या. ते दारापर्यंतसुद्धा पोचलं नाही. पोरगी चप्पल घालत होती.

काकूंनी मला जवळ ओढलं आणि माझ्या कानात सांगितलं.

मी उठून जिन्यापाशी गेले आणि पूर्वीसारखं ओरडून सांगितलं, "काकू म्हणतायत, आज साडेसात सेंटीमीटर आंघोळ झाली. केस धुतले असतील तर हरकत नाही. आणि संध्याकाळी थालीपीठ खाऊन वर जा."

या वेळी मी एकही शब्द बदलला नाही.